झापड, मण्यार आणि अडकलेलं चित्र : दुरून घेतलेल्या परीक्षेच्या प्रकल्प नोंदी

४ जून

विभागाच्या बैठकीत एकदाचं ठरलं. एमबीबीएसच्या फायनलच्या मुलांची मेडिसिनच्या पोस्टिंगअखेरची परीक्षा यंदा दुरून घेऊन बघायची. कारण साधं आहे. एका वेळी पंधरा-वीस मुलं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर असतात. अर्ध्या तासाच्या तोंडी परीक्षेसाठी त्यांना पुण्यात बोलावलं की अख्खा दिवस एसटीत आणि कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये जातो. शिवाय त्या दिवशी वॉर्डात कोण दाखल आहे यावर मार्क ठरतात. एकाच्या वाट्याला न विचारता सगळं सांगणारा दमेकरी येतो, तर दुसऱ्याच्या वाट्याला स्ट्रोकनंतर बोलता न येणारे आजोबा.

विभागाचे सर म्हणाले, "एमसीक्यू टाका ऑनलाइन, विषय संपला." एमसीक्यूत, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांत, पाठांतर कळतं, पण मुलगा उत्तरापर्यंत कुठल्या वाटेने गेला ते कळत नाही. जॉर्ज मिलरने १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आम्ही सगळे कार्यशाळांमध्ये घोकून आलोय: तळाला 'माहीत आहे', वर 'कसं करायचं माहीत आहे', त्याच्या वर 'करून दाखवतो', टोकाला 'रोज करतो'. आणि परीक्षा मात्र तळाशीच बसकण मारून. हे सगळं बोलून दाखवलं. सरांनी चहा संपवला आणि "कर काय करायचं ते, बजेट नाही," एवढं म्हणून उठले. म्हणजे परवानगी मिळाली.

९ जून

पेशंट कोण होणार हा पहिला प्रश्न. खऱ्या पेशंटला कॅमेऱ्यासमोर वीस वेळा तीच कहाणी सांगायला लावणं बरं नाही. मग नकली पेशंट. ही कल्पना काही नवी नाही. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला न्यूरॉलॉजीचा पेशंट व्हायला शिकवलं होतं. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

दोन उमेदवार. पहिले कोथरूडचे एक काका. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक गाजवलेले, हे त्यांनी पहिल्या तीन मिनिटांत दोनदा सांगितलं. पोटदुखी करून दाखवा म्हटल्यावर ते खुर्चीवरून असे कोसळले की शेजारच्या खोलीतला रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) धावत आला.

दुसऱ्या आमच्या वॉर्डातल्या मावशी. तीस वर्षं मेडिसिन वॉर्डात काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांना म्हटलं, मण्यार चावलेल्या बाईचं करून दाखवाल का? त्यांनी जरा विचार केला. मग कपाळावर आठ्या चढवल्या, भुवया ताणून वर नेल्या, आणि पापण्या मात्र खालीच. कपाळाच्या जोरावर डोळे उघडायची ती धडपड मी स्वतः वॉर्डात कितीतरी वेळा बघितलीय, पण मुलांना शिकवताना एकदाही सांगितली नव्हती. "बारा नंबरच्या खाटेवर होती ना ती भोरची, तिचं असंच होतं," मावशी म्हणाल्या.

काकांना नम्रपणे नकार कळवला.

१३ जून

केस लिहून झाली. पंचावन्न वर्षांची बाई, वेल्ह्याकडची, भातलावणीसाठी लेकीच्या सासरी आलेली. रात्री जमिनीवर झोपली. पहाटे चारला पोटात कळ येऊन जाग आली, दोन उलट्या झाल्या. सकाळी सातला प्राथमिक आरोग्य केंद्रात. ताप नाही, जुलाब नाहीत. अंगावर चावल्याची खूण नाही.

मण्यारीचं वैशिष्ट्यच हे. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही, बऱ्याचदा खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं आणि बिचारा गॅसचं इंजेक्शन घेऊन घरी जातो. मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. विष नसांच्या टोकांनाच निकामी करतं, त्यामुळे उशीर झाला की सर्पविषावरचं औषध देऊनही ती टोकं लगेच परत येत नाहीत. तोवर श्वास चालू ठेवणं हाच उपचार.

दुरून परीक्षा घ्यायला ही केस मी मुद्दाम निवडली. पोट दाबून बघता येत नाही, स्टेथोस्कोप लावता येत नाही, पण मण्यारीत जे बघायचं ते सगळं कॅमेऱ्यातून दिसतं. मिनिटभर वर बघायला सांगायचं. उशीवरून मान उचलायला सांगायची. श्वासाची ताकद कळायला एका श्वासात आकडे मोजायला सांगायचे. मावशींना सांगून ठेवलंय: पहिल्यांदा विचारलं तर २२ पर्यंत मोजा, पाच मिनिटांनी परत विचारलं तर ११ ला थांबा. परत विचारणारा किती जण निघतो ते बघायचंय.

२० जून

रंगीत तालीम आज होती, आणि आज पालख्या पुण्यात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मावशी नाना पेठेत राहतात, निवडुंग्या विठोबाच्या जवळच. म्हणजे तुकोबांची पालखी जवळपास दारातच. रस्ते बंद, त्या कॉलेजात येणार कशा? शेवटी त्यांनी घरातूनच केलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून, मागे भिंतीवरचं कॅलेंडर, खालून टाळ-मृदंग. आणि मला वाटलं, हेच बरोबर आहे की. कॉलेजच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसलेल्या बाईपेक्षा ही बाई खरी वाटते.

आवाजामुळे रेसिडेंटला निम्मं ऐकू आलं नाही. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला लाजला आणि अंदाजाने पुढे गेला. लिहून ठेवतेय: ऐकू आलं नाही असं सांगणाऱ्याचे मार्क कापायचे नाहीत.

१ जुलै

पहिली फेरी, सहा मुलं. प्रत्येकी आठ मिनिटं मावशींशी बोलणं, मग तीन वाक्यांत सार, मग निदान आणि पहिली तीन कामं. निदानाआधी सार सांगायचं ही सक्ती माझी. सार सांगता सांगताच कळतं की कशाला महत्त्व दिलं आणि काय गाळलं. "५५ वर्षांची बाई, पोटदुखी आणि उलट्या" असं म्हणणारा आणि "जमिनीवर झोपलेली, पहाटे अचानक पोटदुखी, ताप-जुलाब नाही, आता डोळ्यांवर झापड" असं म्हणणारा, या दोघांनी ऐकलं तेच पण साठवलं वेगळं.

तांत्रिक बाजू: दोनदा कॉल तुटला. आयटी विभागातला मुलगा म्हणतो, तिकडे केंद्रावर रेंज गच्चीवरच येते. मग मुलं गच्चीवर, वरून पाऊस, एका हातात छत्री.

३ जुलै

आजचा प्रकार सविस्तर लिहायला हवा.

रोल नंबर ३१. शांत मुलगा, पहिल्या बाकावर न बसणारा. त्याने पोटदुखीबद्दल चार प्रश्न विचारले, मग एकदम गप्प. पंधरा सेकंदांनी म्हणाला, "मावशी, तुमच्या पापण्या पडल्यात. रात्री जमिनीवर झोपला होतात का?" निदान मण्यार. ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जवळ ठेवा, सर्पविषावरच्या औषधाच्या १० व्हायल म्हणजे कुप्या सुरू करा, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवा. सगळं बरोबर. मी खूश. पैकीच्या पैकी.

पण आमच्या योजनेत परीक्षेनंतर रेकॉर्डिंग लावून मुलाला विचारायचं असतं, इथे डोक्यात काय चाललं होतं? तर त्याच्या बाजूचं रेकॉर्डिंग लावलं. त्या पंधरा सेकंदांत चित्र अडकलं होतं. मावशींनी पापणी लववली त्याच क्षणी स्क्रीन थांबला, आणि पंधरा सेकंद अर्धे मिटलेले डोळे त्याच्यासमोर. त्याला वाटलं पापण्या पडल्या. तोवर मावशींनी पापण्या पाडायला सुरुवातसुद्धा केली नव्हती, ते त्यांनी चौथ्या मिनिटानंतर करायचं होतं.

उत्तर बरोबर, आणि ते पोचलं नेटवर्कच्या कृपेने. आता मार्क किती?

सहकारी म्हणतात, द्या पूर्ण, त्याने जे दिसलं त्यावरून योग्य विचार केला. तेही खरंच. चित्र खोटं होतं, पण त्यावरचा विचार खोटा नव्हता. मी उलट बाजूने विचार करत बसले: समजा चित्र अडकलं नसतं, तर तो पोचला असता का? याला उत्तर नाही. शेवटी त्याच्याशीच बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मी वर बघायला सांगायला हवं होतं. एकदाच बघून ठरवलं." पूर्ण मार्क दिले, आणि नियम केला: कॅमेऱ्यात दिसलेली कुठलीही खूण एकदा तरी करवून घेऊन पक्की केली तरच तिचे मार्क.

दुसरी गोष्ट. एक मुलगी चार सेकंद गप्प होती, मी 'विचार करतेय' असं लिहिलं. तिच्या बाजूला आवाजच गेलेला. दुरून परीक्षेत शांततेचा अर्थ लावायचा नाही.

७ जुलै

'झापड' या शब्दाने आज धमाल केली.

मावशी ठरल्याप्रमाणे म्हणतात, "डोळ्यांवर झापड येतीय बघा." आज पाच मुलं. चार मराठी. चौघांनीही झापड म्हणजे झोप असंच धरलं. एक तर म्हणाला, "मावशी, रात्रभर जागरण झालंय, झोप येणारच." पुढे पित्ताची गोळी.

पाचवी केरळची. अखिल भारतीय कोट्यातून आलेली, तीन वर्षांत कामापुरतं मराठी जमवलंय. ती थांबली. "मावशी, झापड म्हणजे काय?" मावशी गोंधळल्या, हे त्यांच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. पण तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, म्हणाल्या, "म्हंजे डोळे उघडायचे म्हटलं तरी उघडत न्हाईत." पोरीने तिथेच विचारलं, "झोप येते म्हणून, की पापणी उचलत नाही म्हणून?" आणि मग वर बघायला सांगितलं, आकडे मोजायला सांगितले, आणि शेवटच्या मिनिटाला परत मोजायला सांगितले. २२. नंतर ११. तिने आकडा वहीत लिहिल्याचं कॅमेऱ्यात दिसतंय.

तिला शब्द माहीत नव्हता म्हणून तिने विचारलं. आमच्या मराठी मुलांना तो माहीत होता, म्हणून त्यांनी विचारलं नाही. पेशंट 'जीव घाबरतोय' म्हणतो तेव्हा त्याला छातीत धडधडतंय, दम लागतोय की उलटीची भावना होतेय, हे मी तरी किती वेळा विचारते?

शिक्षकांच्या ग्रुपवर हे टाकलं. एक अंगठा आला.

१५ जुलै

मार्कांचं गणित चुकलंय, आणि चूक माझी. मी ३० मुद्द्यांची यादी केली होती, विचारलं की एक मार्क. रोल नंबर १४ ने आठ मिनिटांत धडाधड एकतीस प्रश्न विचारले. पाळी, लसीकरण, घरात कुणाला मधुमेह. २४ मार्क, निदान गॅस्ट्रायटिस, म्हणजे पोटाला आलेली सूज. केरळच्या मुलीने मोजून बारा प्रश्न विचारले, तिला १३.

कागदावरच्या केसेस घेऊन लोक परीक्षा घ्यायचे तेव्हा, १९७०च्या दशकात, हाच घोळ झाला होता. जो जास्त विचारेल त्याला जास्त मार्क, मग अनुभवी डॉक्टर मागे पडायचे, कारण त्यांना मोजकंच विचारावं लागतं. त्यातूनच पुढे कॅनडात जॉर्ज बोर्डाज आणि गॉर्डन पेज यांनी 'की फीचर' पद्धत आणली: केसमध्ये ज्या दोन-तीन जागी माणूस घसरतो, फक्त तिथेच मार्क. हे मी वाचलेलं होतं. शिकवलेलंही होतं. तरीही पहिली यादी तीसचीच केली.

नवी यादी तीन जागांची. एक, ताप-जुलाब नसलेली पहाटेची पोटदुखी म्हटल्यावर कुठे झोपलात हे विचारलं का. दोन, खूण नाही म्हणून सापाची शक्यता सोडून दिली का. तीन, श्वासाची ताकद मोजली का, आणि परत मोजली का. जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा तपासायची, सगळी. हा मात्र दुरून परीक्षेचा फायदाच, वॉर्डातली तोंडी परीक्षा हवेत विरून जाते.

२४ जुलै

परीक्षेचा दुसरा भाग, 'स्क्रिप्ट कॉन्कॉर्डन्स'. माँट्रियलच्या बर्नार्ड शार्लँ यांनी साधारण २००० च्या सुमारास रूढ केलेली पद्धत. मुलाला म्हणायचं: तुझ्या मनात अमुक निदान आहे, आता ही नवी गोष्ट कळली, तर शक्यता किती वाढली किंवा कमी झाली? उणे दोन ते अधिक दोन. एकच बरोबर उत्तर असं नसतं. अनुभवी डॉक्टरांचा एक गट तेच सोडवतो, आणि सर्वाधिक जणांच्या उत्तराला एक मार्क, बाकीच्यांना त्या प्रमाणात.

बारा फिजिशियन गोळा केले. कुणी महापालिकेच्या दवाखान्यातले, कुणी खासगी, तिघं ग्रामीण भागात वर्षं काढलेले. प्रश्न: 'मनात मण्यारदंश आहे. अंगावर खूण सापडत नाही.' सात जण शून्य म्हणाले, चार जण उणे एक, एक जण उणे दोन. पद्धतीप्रमाणे शून्याला १, उणे एकला ४ भागिले ७ म्हणजे ०.५७, उणे दोनला ०.१४.

इथे मी अडले. 'खूण नाही म्हणजे साप कमी शक्य' म्हणणाऱ्या मुलाला निम्म्याहून जास्त मार्क द्यायचे? तिन्ही ग्रामीण डॉक्टर शून्यावर ठाम होते. एकाने फोन करून सुनावलंच: "मॅडम, हे मतदानाने ठरवायचं नसतं." उणे एकवाल्यांपैकी एक जण मात्र शेवटपर्यंत मागे हटले नाहीत, म्हणे आकडेवारीने बघितलं तर फरक पडतोच. ते जहरी वाद घालतात, माणूस चांगला.

ठरवलं: ज्याचं उत्तर शास्त्राने ठरतं तो प्रश्न मतांसाठी ठेवायचा नाही. खुणेचा प्रश्न इथून काढला, तो वरच्या तीन जागांत आहेच. इथे खऱ्या दुविधेचे प्रश्न ठेवले. उदाहरणार्थ, निओस्टिग्मिन (नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायला मदत करणारं औषध) देऊन पापण्या उचलल्या नाहीत, तर मण्यार की नाग? नागाच्या विषावर ते बरं चालतं, मण्यारीत भरवसा नाही. यावर बाराही जणांची उत्तरं विखुरली, आणि विखुरायलाच हवीत.

अजून एक: या पद्धतीत मुलं टोकं टाळून मध्येच रेंगाळली तरी बरे मार्क मिळतात असा जुना आक्षेप आहे. म्हणून टोकाची उत्तरं असलेले प्रश्न मुद्दाम वाढवले.

८ ऑगस्ट

परीक्षा विभागाची सूचना: प्रत्येक मुलाच्या मागे दुसरा कॅमेरा लावा, नजर स्क्रीनवरून हलली की इशारा देणारं सॉफ्टवेअर घ्या. केंद्राच्या गच्चीवर, एका हातात छत्री असलेल्या मुलाची नजर स्क्रीनवरच राहील याची हमी कोण देणार?

माझं उत्तर लेखी दिलं. पुस्तक, फोन, एआय, काय हवं ते उघडू द्या. वॉर्डात पहाटे तीनला तेच उघडतात. पण माहिती टप्प्याटप्प्याने येते आणि मागे जाता येत नाही. आठ मिनिटांत मावशी 'झापड' म्हणत असताना कुठलं सॉफ्टवेअर त्यांना वर बघायला सांगणार आहे?

उत्तराला पोच मिळाली. नैतिकता समितीची मंजुरीही आजच आली: रेकॉर्डिंग फक्त विभागाच्या संगणकावर, पुढच्या टर्मला पुसायचं, मुलांची आणि मावशींची लेखी संमती.

२२ ऑगस्ट

केस फुटली. आजच्या तुकडीतल्या पहिल्या मुलाने नमस्कारानंतर लगेच विचारलं, "मावशी, जमिनीवर झोपता का?" मावशींनी कॅमेऱ्यात माझ्याकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना. तिसऱ्याने तर पोट दुखतंय हे ऐकायच्या आधीच आकडे मोजायला लावले.

मुलांवर रागवून उपयोग नाही, ती एकमेकांना सांगणारच. आणि एका केसवरून मुलाचा विचार कसा आहे ते ठरतही नाही. आर्थर एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की एका केसमधलं यश दुसरीबद्दल फारसं काही सांगत नाही. म्हणजे केसेस वाढवायच्या. पण ही फुटलेली केस टाकून द्यायची नाही, तिचाच वापर करायचा.

नवी केस: तीच मावशी, तेच मागचं कॅलेंडर, तीच जमिनीवरची झोप. पहाटे पोटदुखी, उलट्या, डोळ्यांवर झापड. फक्त यावेळी मधुमेह आहे आणि चार दिवस इन्सुलिन घेतलेलं नाही. कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात साचलेलं आम्ल. झापड खरीच गुंगीची. श्वास खोल आणि भराभर, त्यामुळे एका श्वासात १२ च्या पुढे मोजता येत नाही. पण पापण्या वर राहतात आणि मान उचलता येते.

मावशींना तो श्वास शिकवायला अर्धा तास गेला. दोनदा चक्कर आली त्यांना. मग एका मिनिटाहून जास्त सलग करायचा नाही असं ठरलं.

३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, मावशींच्या गल्लीत ढोल-ताशा, तरी परीक्षा साडेनऊला सुरू केली. सहा मुलं, सगळ्यांना मण्यार माहीत. पाच जणांनी आकडे मोजायला लावले, १२ ऐकलं, आणि तिघांनी तिथेच सर्पविषावरचं औषध सुरू केलं. चौथ्याने मान उचलायला सांगितली, मावशींनी उचलली, ते बघून न बघितल्यासारखं करून त्यानेही औषध दिलं.

रोल नंबर १४ पाचवा. एकतीस प्रश्नवाला. आकडे मोजून घेतले. मान उचलून घेतली. वर बघायला सांगितलं. मग गप्प बसला, आणि यावेळी नेटवर्क ठीक होतं, मी दोन्ही बाजू तपासल्या.

"मावशी, मान तर उचलताय," तो म्हणाला. "मग दम कशाने लागतोय? तहान लागते का खूप?"